दिवाळे कोळीवाड्यात पाग टाकायला शिकलो: जायचं असेल तर तिथी बघून जा, रविवार बघून नको

आधीच सांगतो, ज्यांना फ्लेमिंगो बघायचेत आणि फोटो काढायचेत त्यांच्यासाठी ऐरोलीला वन विभागाच्या केंद्रातून बोट सुटते, तिकडे जा, ती वेगळी मजा आहे. हा रिव्ह्यू मासे पकडायला शिकायचंय अशा लोकांसाठी आहे. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात एक कोळी दादा अर्ध्या दिवसाचं शिकवतात, पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, ते धरायचं कसं, फेकायचं कसं, पाणी बघायचं कसं, मग होडीतून खाडीत नेऊन प्रत्यक्ष टाकायला देतात आणि शेवटी त्यांच्या घरी जेवण. माणशी १५०० रुपये, जेवण धरून. एका वेळी चार जणांच्या वर घेत नाहीत. पैसे वसूल आहेत का? माझ्या मते पूर्ण वसूल, दोन गोष्टी सुधारायला हव्यात त्या खाली लिहिल्यात, पण मी परत जाणार आहे हे नक्की.

मुळात आम्हाला पाग वगैरे काही डोक्यातच नव्हतं. माझा मावसभाऊ अमेरिकेत टेक्सासला असतो, तो तिकडे बोफिशिंग करतो, म्हणजे धनुष्यबाणाने मासे मारणं. रात्री होडीच्या पुढच्या टोकाला मोठे लाइट लावतात, उथळ पाण्यात कार्प नाहीतर गार नावाचा मासा दिसला की वरून बाण. बाण आपल्याला माहीत असतो तसा नसतो, फायबरग्लासचा जड बाण, मागे पिसं नाहीत, टोकाला उलटे काटे, आणि बाणाला दोरी बांधलेली जी धनुष्यावरच्या रीळला जोडलेली असते म्हणजे मासा ओढून घेता येतो. त्याचे व्हिडिओ बघून माझा भाचा, बारावीला आहे, तो नुसता वेडा झाला, मामा आपण पण करूया, ऑनलाइन किट मिळतं, ठाण्याच्या खाडीत जाऊ. मला स्वतःला पण खूप करावंसं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

पण खाडीचं पाणी तुम्ही वाशीच्या पुलावरून रोज बघताच की. गढूळ. गाळाने भरलेलं. बोफिशिंगला मासा डोळ्याला दिसायलाच लागतो, त्याशिवाय बाण सोडणार कुठे? अंदमानात जारवा लोक धनुष्यबाणाने मासे मारतात ते तिथलं किनाऱ्याजवळचं पाणी नितळ आणि उथळ आहे म्हणून. त्यात परत पाण्यात प्रकाश वाकतो, मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो, म्हणून नेम नेहमी दिसतो त्याच्या खाली धरायला लागतो, किती खाली ते खोली आणि अंतरावर. भावाने सांगितलेला त्यांच्याकडचा ठोकताळा असा की मासा दहा फुटांवर असेल आणि फूटभर खोल असेल तर चार इंच खाली धर. हे सगळं शिकायला मस्तच आहे, पण आपल्याकडे फूटभर खालचं काही दिसतच नाही तिथे चार इंच कुठून मोजणार.

दुसरी गोष्ट कायद्याची, ही सगळ्यांनी लक्षात ठेवा. ऐरोली पूल आणि वाशी पूल यांच्या मधला खाडीचा पश्चिमेकडचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, १६९० हेक्टर, आणि २०२२ ला ठाणे खाडी रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून पण जाहीर झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्र कशाला म्हणायचं त्या व्याख्येत धनुष्यबाण सरळ लिहिलेलाच आहे, एवढंच नाही तर गळ आणि जाळी पण त्यात आहेत. त्यामुळे किट मागवलं आणि गेलो अभयारण्यात असं करायचं नाही, कुणी इंस्टाग्रामवर केलेलं दिसलं तरी नाही. ऑनलाइन किटवर आठ-दहा हजार घालायचा विचार करत असाल तर नवी मुंबईपुरतं तरी नका घालू, मी भाच्याला हेच सांगितलं आणि त्याला पटलं पण.

मग मासे पकडायचे कसे तर इथले लोक पिढ्यानपिढ्या ज्याने पकडतात त्याने. ऑफिसमधला एक जण करावे गावचा आहे, त्याने सांगितलं की दिवाळ्यात एक दादा शिकवतात, पण पहिल्यांदा जेट्टीवर जाऊन भेट, फोनवर ते कुणाला घेत नाहीत. एका संध्याकाळी बेलापूर स्टेशनवरून रिक्षा केली आणि गेलो, जेट्टीवर जाळी दुरुस्त करत बसले होते. मी विचारलं दादा पुढच्या रविवारी जमेल का, तर त्यांनी विचारलं तिथी काय आहे त्या दिवशी. मोबाइलवर बघितलं, अष्टमी. म्हणाले, "भांग हाय, पानी हलनार नाय, तुमचे पैशे फुकट जातील. तिज-चौथीला या." एवढ्यावरच माझा विश्वास बसला त्यांच्यावर, कारण दुसरा कोणी असता तर आलेलं गिऱ्हाईक रविवारी घेऊन मोकळा झाला असता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तिथीची पाऊणपट केली की साधारण भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. तीन पाऊण सव्वादोन, म्हणजे तृतीयेला भरती दुपारी सव्वादोनच्या आसपास, आणि त्याच्या सहा तास आधी म्हणजे सकाळी आठच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. खाडीत आत गेलं की मुंबईच्या भरती-ओहोटीच्या टेबलपेक्षा थोडं उशिरा होतं सगळं. अमावास्या-पौर्णिमेच्या जवळ उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, अष्टमीच्या जवळ भांग, पाणी जिथल्या तिथे. ऑफिसला जाणाऱ्या माणसाला याचा अर्थ एकच, सुट्टी टाकायला लागते. मी शुक्रवारची टाकली. भाच्याने कॉलेजला दांडी मारली, ताईला मी समजावलं.

सकाळी साडेसातला जेट्टीवर बोलावलेलं. पाणी पूर्ण उतरलेलं, होड्या चिखलात आडव्या पडलेल्या, आणि चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, टुणटुण उड्या मारत होत्या, भाच्याने आयुष्यात पहिल्यांदा बघितल्या. होडी तरंगायला अजून दीड-दोन तास होते आणि तेवढा सगळा वेळ दादांनी कोरड्या जेट्टीवर शिकवायला वापरला. हे मला सगळ्यात आवडलं. आपल्याकडे ॲडव्हेंचरच्या नावाखाली बऱ्याच ठिकाणी काय होतं, दहा मिनिटं सूचना, मग तुमच्या हातात वस्तू देतात, तुम्ही दोन फोटो काढता आणि खरं काम त्यांचा माणूस करतो. इथे तसं अजिबात नाही.

पाग बघायला सोपा वाटतो. मधोमध दोर, दोराचं टोक मनगटाला, खाली काठाला चहूबाजूने शिसं, आणि काठाला आतल्या बाजूने दुमडून छोटे खिसे केलेले ज्यात मासा अडकतो. दादांकडचा शिकवायचा पाग चार-साडेचार किलोचा असेल. आधी डाव्या मनगटात दोराचा फास, मग उरलेला दोर वेटोळं करून त्याच हातात, मग जाळं गोळा करून कमरेच्या उंचीवर असं धरायचं की शिसं जमिनीला जेमतेम टेकेल. त्यातला एक भाग डाव्या कोपरावर टाकायचा. उरलेल्यातला साधारण अर्धा काठ उजव्या हातात. म्हातारे कोळी काठाचा एक पदर दातात धरतात आणि फेकताना सगळ्यात शेवटी सोडतात, पण दादा नवीन माणसाला दातात धरू देत नाहीत, एक तर पाणी घाण, आणि सोडायला अर्धा सेकंद उशीर झाला तर शिसं दाताला हिसका देतं. म्हणून कोपराची पद्धत.

मग अंग डावीकडे वळवायचं, पूर्ण कमरेतून, आणि परत येताना सोडायचं. हाताने फेकायचं नाही. हे वाक्य दादांनी किती वेळा म्हटलं असेल, "हातान नको, कंबरन टाक." भाचा क्रिकेट खेळतो त्यामुळे त्याचा सगळा जोर खांद्यातून, पाग लांब जायचा पण उघडायचाच नाही, लांबट होऊन पडायचा. दादा त्याच्या मागे उभे राहिले, दोन्ही हातांनी त्याची कंबर धरली आणि त्याला नुसतं वळायला लावलं, जाळ्याशिवाय, परत परत. मग जाळं दिलं. आणि तो पाग जेट्टीच्या लादीवर घावनासारखा गोल पसरला ना, चारही बाजूंनी शिसं एकदम टेकल्याचा आवाज आला, टक् नाही, एक सलग सर्रर्र आवाज येतो, आणि दादा म्हणाले हा आवाज लक्षात ठेव, डोळे मिटून पण कळतं बरोबर पडला की नाही. माझा उघडायला जरा वेळ लागला पण उघडला तेव्हा जे वाटलं ते लिहून सांगता येणार नाही.

कपड्यांबद्दल त्यांनी आधीच बजावून ठेवलेलं आणि ते सगळ्यांनी पाळा. बटणवाला शर्ट नको, घड्याळ नको, अंगठी नको, जानवं-माळ-चेन काही नको. कारण जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बटणात अडकला तर फेकलेल्या जाळ्याबरोबर माणूस पण पाण्यात जातो. साधा टी-शर्ट आणि हाफ पँट. पायात कॅनव्हासचे लेसवाले बूट, घट्ट बांधलेले. गमबूट अजिबात नको, चिखल भरला की पाय बाहेर येतो आणि बूट आतच राहतो. आणि अनवाणी तर नाहीच नाही, दगडांना कालवं चिकटलेली असतात ती ब्लेडसारखी कापतात.

साडेनऊच्या पुढे पाणी चढायला लागलं आणि होडी सुटली. फायबरची होडी, मागे इंजिन, पण एकदा जागेवर गेल्यावर इंजिन बंद आणि वल्हं. अभयारण्याच्या बाजूला ते जातच नाहीत, दिवाळ्याहून खालच्या अंगाला राहतात, हे पण मी आधी विचारून घेतलेलं. खारफुटीच्या कडेने गेलो. दादा एकही शब्द न बोलता नुसते पाणी बघत होते, आम्ही पण बघत होतो पण आम्हाला काही दिसत नव्हतं, मग त्यांनी दाखवायला सुरुवात केली. तिथे बघ, पाण्यावर बाणाच्या टोकासारखी रेघ पुढे सरकतेय, ती बोय मासळी. तिकडे तो बगळा मान ताठ करून उभा आहे, हलत नाहीये, म्हणजे त्याच्यासमोर काहीतरी आहे. वारा पाठीवर घ्यायचा म्हणजे जाळं उघडायला मदत होते. ऊन तोंडावर घ्यायचं म्हणजे आपली सावली माशांवर पडत नाही. आणि मासा दिसतो तिथे टाकायचं नाही, तो जातोय तिथे पुढे टाकायचं, कारण पाग पाण्याला टेकेपर्यंत तो सरकलेला असतो. मला लगेच भावाचा चार इंच खालचा नेम आठवला. तिकडे नेम खाली, इथे नेम पुढे, पण दोन्हीकडे डोळ्याला दिसतं तिथे मासा नसतो.

बोय बद्दल एक गोष्ट कळली ती फार आवडली. बोय गळाला सहसा लागत नाही कारण ती शेवाळ आणि गाळातलं बारीकसारीक खाते, आमिषाच्या मागे धावत नाही. म्हणून खाडीवाल्यांचा पाग. म्हणजे हत्यार माशाप्रमाणे ठरतं. गळ घेऊन वाशीच्या पुलाखाली तासन् तास बसणारी पोरं मी बघितलीत, त्यांना बहुतेक शिंगाळे मिळतात, बोय समोरून उड्या मारत निघून जाते.

पाण्यात उतरलो ते मांडीपर्यंतच्या पाण्यात, कमरेच्या वर नाही, कारण पाणी खोल असेल तर पाग तळाला बसेपर्यंत मासे खालून निसटतात. उतरताना दादांचा कडक नियम, पाय उचलून टाकायचा नाही, तळाशी घासत घासत पुढे न्यायचा. कारण पाकट, हा चपटा मासा. ते चिखलात अंग पुरून बसतं, घासत गेलं की पायाची चाहूल लागून निघून जातं, वरून पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. २०१३ च्या गणपतीत गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला उतरलेल्या कितीतरी लोकांना पाकटांनी काटे मारलेले, आठवत असेल बऱ्याच जणांना. दादांच्या होडीत एक मोठा थर्मास होता, मला वाटलं चहा, तर त्यात कडक गरम पाणी. पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, ठणका कमी होतो, आणि मग डॉक्टर. चहाचा थर्मास वेगळा होता. ज्या माणसाने गरम पाण्याचा थर्मास घेतलाय त्याच्याबरोबर मी कुठेही जाईन.

पहिला नीट पडलेला पाग भाच्याचा. पडल्यावर लगेच ओढायचा नाही, शिसं तळाला बसू द्यायचं, दोर किंचित सैल होतो तेव्हा समजतं. मग छोट्या छोट्या हिसक्यांनी ओढायचं म्हणजे तळाशीच शिसं एकत्र येतं आणि जाळ्याचं तोंड बंद होतं, मग एका दमात उचलायचं. दोरातून हाताला थरथर लागते. भाचा ओरडलाच, मामा आहे आहे आहे! वर आला तर त्यात तीन बोया, मूठभर कोळंबी, एक छोटी चिंबोरी, आणि वेफर्सची दोन पाकिटं, एक गुटख्याची पुडी, थर्माकोलचा तुकडा. प्रत्येक वेळी असंच. मासे कमी आणि कचरा जास्त असं पण झालं दोनदा-तीनदा. दादा कचरा परत पाण्यात टाकत नाहीत, होडीत एक गोणी असते, त्यात. येताना ती गोणी जवळपास भरलेली. हा कचरा काही कोळी लोकांनी टाकलेला नाही, आपल्या नाल्यांतून येतो, आपल्या सोसायट्यांतून, आणि ज्यांचं पोट या खाडीवर आहे ते लोक तो वेचतायत. बघून मला खरंच वाईट वाटलं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी वर्षानुवर्षं या खाडीत आलंय, दादा सांगत होते वडिलांच्या वेळेला एका भरतीत जेवढं मिळायचं तेवढं आता आठवड्यात मिळत नाही.

आता धनुष्यापेक्षा पाग मला का भारी वाटला ते सांगतो. बाण लागला की मासा मेला, छोटा असो मोठा असो, हवा असो नको असो, सोडून द्यायचा प्रश्नच नाही. पागात आलेलं सगळं जिवंत असतं. दादांनी वीतभर जिताडा आला तो लगेच सोडायला लावला. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे छोटे छोटेच पकडून खाल्ले तर अंडी घालायला माद्या येणार कुठून. भाच्याने तो हातात धरला, पाण्यात खाली नेला, आणि सोडायच्या आधी क्षणभर तसाच धरून ठेवला तोंड प्रवाहाकडे करून, दादांनी दाखवलेलं तसं. गेला सुळकन. अंड्यांवरची चिंबोरी पण सोडली, पोटाखाली अंड्यांचा गोळा दिसतो. पेण-अलिबागकडे तळ्यातला जिताडा भेट म्हणून द्यायची पद्धत आहे, माझ्या आजोळी यायचा, पण तो असा हातात जिवंत कधी बघितला नव्हता.

शिंगाळ्याला मात्र आम्हाला हात लावू दिला नाही. तो दादा स्वतः काढतात, पाठीवरचा आणि बाजूचे दोन असे तीन काटे असतात. कुणी सांगेल मी काढतो तर काढू नका.

आणखी एक शिष्टाचार, दुसऱ्याच्या लावलेल्या जाळ्याजवळ पाग टाकायचा नाही. खाडीत जागोजागी खांब रोवून जाळी लावलेली असतात, ती कुणाची ना कुणाची रोजीरोटी आहे. शिकून आल्यावर स्वतःचा पाग घेऊन कुठेही जाऊन टाकणाऱ्यांनी हे आधी गावात विचारावं.

साडेबाराला परत. जेवण दादांच्या घरी, त्यांच्या आईने केलेलं, सगळे त्यांना आजी म्हणतात आम्ही पण म्हणालो. आम्ही पकडलेल्या बोया तव्यावर, आगरी-कोळी मसाला आणि तांदळाचं पीठ लावून, चिंबोरीचं कालवण, तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, भात. बोयीला थोडा चिखलाचा वास असतो असं लोक म्हणतात, आजींनी ती आधी मीठ-हळद आणि चिंचेच्या कोळात ठेवली होती, अजिबात वास नव्हता. कालवण तिखट आहे, लहान मुलं असतील तर आधी सांगा. चिंबोरी बाजारातून आणलेली होती कारण आम्हाला मिळालेल्या छोट्या होत्या, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. खाडीचे मासे खाणं ज्यांना नको वाटतं त्यांच्यासाठी बाहेरच्या समुद्रातले बांगडे पण करून देतात, आदल्या दिवशी कळवायचं. आजींनी भाच्याला चौथी भाकरी वाढताना विचारलं, "पाग तुझा उघरला का रं?" आणि तो हो म्हणाल्यावर अशा खूश झाल्या की विचारू नका.

आता तक्रारी. पहिली लाइफ जॅकेटची. जॅकेट आहेत, घालायला लावतात, पण सगळी एकाच मापाची, मोठ्या माणसाची. भाचा बारीक आहे, त्याला ते खांद्यावरून वर सरकत होतं, दादांनी दोरीने बांधून दिलं पण दोरी हा उपाय नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांना न्यायचं असेल तर स्वतःचं मापाचं जॅकेट घेऊन जा. मी दादांना स्पष्ट बोललो, त्यांनी ऐकून घेतलं. दुसरी, कपडे बदलायला जागा नाही. पुरुषांचं होऊन जातं, बायकांना दादांच्या घरी जाईपर्यंत चिखलात थांबायला लागतं, आणि जेट्टीवर धड टॉयलेट नाही. बायकोला पुढच्या वेळी न्यायचंय म्हणून हे जास्त खटकलं. शिकवण्यात, पाणी बघण्यात आणि जेवणात पाचपैकी पाच, सोयींना तीन, असं माझं आहे.

पाग विकत पण मिळतो त्यांच्याकडे, हाताने विणलेला, तीन हजारांच्या पुढे, आकार आणि शिशाप्रमाणे. ऑनलाइन त्यापेक्षा स्वस्त येतो पण मी दोन्ही हातात धरून बघितलेत, भाच्याने हट्टाने एक मागवलेला. ऑनलाइनवाल्याचं शिसं हलकं आणि लांब लांब लावलेलं, त्यामुळे तळाला बसायला वेळ घेतो आणि मधल्या फटीतून मासे जातात, आणि धागा इतका कडक की घडी राहते, उघडतानाच गुंता. दादांनी त्यात मधे मधे शिसं वाढवून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. घ्यायचाच असेल तर शिकल्याशिवाय घेऊ नका, तुमच्या उंचीला किती मोठा झेपतो ते ते टाकायला लावून ठरवतात. बारीक आसाचा मागू नका, देणार नाहीत, त्यात पिल्लं येतात.

१ जून ते ३१ जुलै इंजिनच्या होड्यांना मासेमारी बंदी असते, तेव्हा हे होडीतून नेत नाहीत, फक्त जेट्टीवर शिकवतात, त्याचे पैसे अर्धे. खाडीत जायला नारळी पौर्णिमेनंतर पाऊस ओसरला की बघा, थंडीत सगळ्यात उत्तम कारण उन्हात तीन तास पाण्यात उभं राहायचं असतं. टोपी, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, पाण्याची बाटली घ्या. मोबाइल घरी नसेल ठेवायचा तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून होडीतच ठेवा.

जाण्याआधी कॅलेंडर बघा, द्वितीया ते पंचमी यातली तिथी निवडा, शुद्ध असो की वद्य, आणि एक दिवस आधी दुपारी चारनंतर जेट्टीवर जाऊन भेटा. पाग शिकवणारे दादा म्हटलं की कोणीही घर दाखवतं. सकाळी जाऊन उपयोग नाही, सकाळी ते पाण्यात असतात.